उत्साह संपल्यावर काय? ध्येय ठरवणं आणि मधल्या दिवसांत ते टिकवणं

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, तर तुमचं काम चालू द्या. कागद-पेन लागणार आहे, पण ते अगदी शेवटी.

गेल्या काही आठवड्यांत तुमचे जे मेसेज आले त्यातले निम्मे तरी एकाच प्रश्नाचे होते. कुणाला वजन कमी करायचंय, कुणाला इंग्रजी सुधारायचंय, कुणी सरकारी नोकरीची तयारी करतंय, कुणाला कर्ज फेडायचंय. आणि पुढचं वाक्य प्रत्येकाचं सारखंच. "ताई, सुरुवात जोरात होते, पण महिन्याभरात सगळं थंड पडतं. मोटिव्हेटेड कसं राहायचं?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मानसशास्त्र शिकलेली नाही. पण या विषयावर जे भक्कम संशोधन झालंय ते थोडंफार वाचलंय, त्यातलं काही स्वतःवर करून पाहिलंय, आणि काही आमच्याच घरात फार जवळून बघितलंय. तेवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात करणं हा आपला प्रॉब्लेमच नाही

आधी एक गोष्ट मान्य करू. सुरुवात आपल्याला छान जमते. एक जानेवारीला जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते. गुढीपाडव्याला नवी वही आणली जाते. वाढदिवसाच्या रात्री डायरीत तीन पानं लिहून होतात. "सोमवारपासून नक्की" हे वाक्य तर आपण सगळ्यांनीच म्हटलंय.

यावर अभ्याससुद्धा झालाय. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची, सेमिस्टरची सुरुवात आली की लोक जिमला जास्त जातात आणि गूगलवर 'डाएट' जास्त शोधतात. नवी तारीख आली की आपल्याला वाटतं, जुना मी मागे राहिला, आता नवा मी. याला त्यांनी नवी सुरुवात परिणाम असं नाव दिलं.

म्हणजे सुरुवातीचा उत्साह कॅलेंडर फुकटात देतं. गाडी अडते मध्ये. सुरुवातीची मजा संपलेली असते आणि शेवट अजून दिसत नसतो. जिमचा दुसरा महिना. कोर्सचा नववा व्हिडिओ. कर्जाचा चौदावा हप्ता. मी याला 'मधला महिना' म्हणते. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ध्येय ठरवताना आपण पहिल्या दिवसाचं आणि शेवटच्या दिवसाचं प्लॅनिंग करतो, मधल्या महिन्याचं करतच नाही. आज आपण ते करू.

आधी विचारा, हे ध्येय कुणाचं?

ध्येय जर मुळात आपलं नसेल, तर मधल्या महिन्यात ते सगळ्यात आधी गळतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं याच प्रश्नावर काम केलं. त्याचं सार असं, की जे आपण आपल्या इच्छेने, आपल्याला पटलंय म्हणून करतो ते जास्त टिकतं. लाजेपोटी किंवा कुणाच्या तरी दबावाखाली धरलेलं लवकर सुटतं.

आपल्याकडे उसनी ध्येयं भरपूर मिळतात. शेजारच्या काकूंचा मुलगा अमेरिकेत गेला, म्हणून आपण जीआरई. मित्राने वाकडला फ्लॅट बुक केला, म्हणून आपण ईएमआय. रीलवर कुणी पहाटे चारला उठतो, म्हणून आपला अलार्म चारचा, आणि दुपारी ऑफिसात डुलक्या.

एक साधी चाचणी आहे. समजा तुम्ही हे ध्येय पूर्ण केलंत, पण कुणालाही कधीच सांगता येणार नाही. स्टेटस नाही, फोटो नाही, गावाकडे पेढे नाहीत. तरी कराल का? उत्तर "हो" आलं तर ते ध्येय तुमचं. उत्तर "मग कशाला करू?" असं आलं तर जरा थांबा. लगेच सोडू नका, पण त्यात तुमचं स्वतःचं काय आहे ते शोधा. "वजन कमी करायचं, कारण लग्नाच्या फोटोत बरं दिसायला हवं" यापेक्षा "तिसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागायला नको" हे कारण मधल्या महिन्यात जास्त कामाला येतं. कारण जिना रोज असतो, फोटोग्राफर एकदाच येतो.

आता याच विषयातली एक प्रसिद्ध भानगड सांगते. तुम्ही रीलवर ऐकलंच असेल, की १९५३ साली येल विद्यापीठातल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येय लिहून ठेवलं होतं आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांकडे बाकी ९७ टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती होती. ऐकायला भारी वाटतं ना? पण असा अभ्यास झालाच नव्हता. येलकडे त्याची कसलीही नोंद नाही. लिहून ठेवणं उपयोगाचं आहे, जरूर लिहा. पण नुसतं लिहिल्याने कुणी करोडपती होत नाही.

दोन रकाने: निकाल आणि काम

एडविन लॉक आणि गॅरी लेथम हे या विषयातले मोठे संशोधक. त्यांच्या अनेक दशकांच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. "जमेल तेवढं करू" यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय असलं की माणसं चांगलं काम करतात. "इंग्रजी सुधारायचंय" हे ध्येय झालं नाही, ती इच्छा झाली. "मार्चपर्यंत ऑफिसच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं न अडखळता बोलायचं" हे ध्येय.

पण त्याच कामात एक अट पण आहे, जी रीलवाले सांगत नाहीत. काम जर तुमच्यासाठी एकदम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल, तर सुरुवातीला निकालाचं टार्गेट उलटं पडू शकतं. तिथे शिकण्याचं ध्येय ठेवणं बरं. ज्याने आयुष्यात कोड लिहिलेला नाही त्याने "तीन महिन्यांत नोकरी" म्हणण्यापेक्षा "तीन महिन्यांत या दहा प्रकारचे प्रॉब्लेम स्वतः सोडवता यायला हवेत" असं म्हणावं.

म्हणून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे निकाल, उजवीकडे काम. निकाल पूर्णपणे आपल्या हातात नसतो. काम बरंचसं असतं. मधल्या महिन्यात डाव्या रकान्याकडे बघितलं की जीव घाबरा होतो. त्या दिवसांत उजव्या रकान्यावर नजर ठेवायची.

याचं माझ्या डोळ्यासमोरचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आपला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, बारावीनंतर सैन्यात गेला, आणि तिथे धावायला लागला. त्याचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. साडेसात फेऱ्यांच्या आसपास पळायचं, त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी.

२०१८ मध्ये त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढचे आकडे नीट ऐका. ८:२८.९४. मग ८:२५.२३. ८:२१.३७. ८:२०.२०. ८:१८.१२. ८:१६.२१. ८:१२.४८. ८:११.२०. आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१. दहा वेळा राष्ट्रीय विक्रम, त्यातले नऊ वेळा स्वतःचाच मोडलेला. सहा वर्षांत साधारण वीस सेकंद कमी केले, पण एका वेळची सगळ्यात मोठी सुधारणासुद्धा चार सेकंदांच्या आत होती. काही वेळा तर एक सेकंदाच्या आसपास.

आणि यातला मधला महिना कुठे होता माहितीये? २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने ८:१८.१२ ची वेळ दिली, राष्ट्रीय विक्रम केला, तरीही फायनल हुकली. काम उत्तम, निकाल नाही. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंच्या मक्तेदारीत घुसून त्याने रौप्य घेतलं. सुवर्णपदक फक्त पाच शतांश सेकंदांनी गेलं. त्यानंतर जवळपास दोन वर्षं त्याची सर्वोत्तम वेळ जिथल्या तिथे. २०२३ च्या जागतिक स्पर्धेत तो फायनललाही पोचला नाही. त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक मात्र जिंकला, आणि तेही विक्रमापेक्षा हळू वेळेत. मग २०२४ ला पुन्हा विक्रम.

बाहेरून आपण फक्त पदक बघतो. आतून बघितलं तर ती बरीच वर्षांची, एकेक-दोनदोन सेकंदांची कमाई आहे. आपलंही तसंच असतं, फक्त आपल्या मागे स्टॉपवॉच घेऊन कुणी उभं नसतं.

"वेळ मिळाला की करेन" याला जागा नेमून द्या

आता कामाच्या रकान्यात काय लिहायचं? इथे पीटर गोलविट्झर यांचा एक साधा उपाय आहे, १९९९ च्या त्यांच्या लेखामुळे तो खूप गाजला. नुसतं "मी अभ्यास करेन" असं लिहायचं नाही. "अमुक झालं की, अमुक ठिकाणी, मी अमुक करेन" असं लिहायचं. म्हणजे काम आपल्या मूडला न बांधता, आधीपासून होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधायचं.

माझंच सांगते. मी कंपनीत टेस्टिंगमध्ये लागले होते आणि मला डेव्हलपमेंटमध्ये जायचं होतं. घरी परत यायला रात्रीचे साडेआठ व्हायचे. तीन रूममेट, स्वयंपाकाच्या पाळ्या, डोकं बधिर. रात्री अभ्यास होणं शक्य नव्हतं, म्हणून मी तसा प्लॅन केलाच नाही. माझ्याकडे खात्रीची एकच गोष्ट होती, सकाळची हिंजवडीला जाणारी कंपनीची बस. ट्रॅफिकच्या कृपेने पाऊण तास नक्की. माझं वाक्य होतं, "बसमध्ये बसून बॅग मांडीवर घेतली की डाउनलोड केलेला धडा सुरू." बस्स. धडा आदल्या रात्री डाउनलोड करायचा, कारण सकाळी नेट लावलं की इन्स्टाग्रामही त्याच फोनमध्ये असतं. शनिवारी सकाळी दोन तास लॅपटॉपवर कोड. एवढाच उजवा रकाना.

इथे एक जोडवाक्य पण लागतं, अडथळ्याचं. गॅब्रिएल एटिंगन या संशोधक सांगतात की फक्त गोड स्वप्न बघत बसलं तर उलट जोर कमी होतो. स्वप्नासोबत आपल्या आतला अडथळाही डोळ्यासमोर आणायचा आणि त्यावरचा उपाय आधीच ठरवायचा. माझं जोडवाक्य होतं, "बसायला जागा मिळाली नाही तर व्हिडिओ न बघता फक्त ऐकायचं." तुमचं कदाचित असं असेल, "पाऊस असेल तर पळायला न जाता घरात वीस मिनिटं सूर्यनमस्कार." किंवा "लाइट गेली तर कालच्या नोट्स वाचायच्या." अडथळा येणारच आहे. तो आल्यावर विचार करायला लागू नये, एवढीच सोय.

खाडा झाला तर?

आता सगळ्यात मोठा गैरसमज. २१ दिवसांत सवय लागते! हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. त्यांच्या १९६० च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळून पडला, चेहरा गळून पडला, उरले २१ दिवस.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बारा आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला. जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, रात्रीच्या जेवणाआधी पळणं अशा गोष्टी. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ सरासरीने ६६ दिवस आला. पण माणसागणिक तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता! म्हणजे बाविसाव्या दिवशी तुम्हाला अजून कंटाळा येत असेल तर तुमच्यात काही बिघाड नाही. तुम्ही अगदी नॉर्मल आहात.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. म्हणजे खाडा परवडतो. आपण काय करतो? मंगळवारी जिम चुकली की "गेला हा आठवडा, आता सोमवारपासून". मग पाच दिवस वडापाव. एका खाड्याचे सहा खाडे आपण स्वतः करतो. म्हणून माझा नियम एवढाच आहे, एक खाडा माफ, सलग दुसरा करायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी जोर नसेल तर अगदी छोटं करायचं. पाऊण तास नको, पाच मिनिटं. पण करायचं.

लांबचा पल्ला, जवळचा मुक्काम

मधला महिना रटाळ का वाटतो? कारण टोकं दिसत नाहीत. सुरुवातीला "अरे, दोन धडे झाले!" असं वाटतं, शेवटी "दोनच राहिले" असं वाटतं. मध्ये चाळीसपैकी अठरा की एकोणीस, काय फरक पडतो? शिकागोच्या आयलेट फिशबॅक यांनी या मधल्या घसरणीवर काम केलंय. त्यांचा उपाय सोपा आहे, मधला भाग लहान करा. वर्षाचं ध्येय असेल तर महिन्यात तोडा, महिन्याचं आठवड्यात.

आपल्याला हे कुणी शिकागोहून शिकवायची गरज नाही म्हणा. वारी बघा ना. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पण माउलींच्या पालखीसोबत चालणारा वारकरी रोज सकाळी उठून अडीचशेचा हिशोब करत नाही. आज सासवड, मग जेजुरी, मग वाल्हे, मग लोणंद. आजचा मुक्काम गाठायचा. तिथे जेवण आहे, भजन आहे, सोबत माणसं आहेत. पाय दुखतातच, पण संध्याकाळी पोचल्याचं समाधान रोज मिळतं. आमच्या क्षेत्रातही मोठं सॉफ्टवेअर दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये बनतं. दोन आठवड्यांनी सगळे बसतात, काय झालं ते दाखवतात, काय अडलं ते बोलतात, पुढचे दोन आठवडे ठरवतात. नाव इंग्रजी आहे, गोष्ट मुक्कामाचीच.

आणि झालेलं काम डोळ्यांना दिसू द्या. एक मजेशीर प्रयोग ऐका. नुनेस आणि द्रेझ या दोन संशोधकांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. कार धुण्याच्या सेंटरवर काही गिऱ्हाइकांना ८ शिक्क्यांचं कार्ड दिलं, आठ झाले की एक वॉश फुकट. बाकीच्यांना १० शिक्क्यांचं कार्ड दिलं, पण त्यावर २ शिक्के आधीच मारलेले. म्हणजे दोघांनाही आठच वॉश करायचे होते. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी. आपण वाटेवर आहोत, काहीतरी झालंय, हे नुसतं दिसलं तरी माणूस पुढे जातो.

म्हणून यादी करताना कोऱ्या पानापासून सुरू करू नका. आधी झालेलं लिहा. कर्ज फेडायचंय तर आतापर्यंत किती फेडलं ते सगळ्यात वर. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर बसमधल्या प्रत्येक दिवसाला निळी टिकली मारायचे. रूममेट चिडवायच्या, "काय गं, दुधाचा हिशोब का?" पण पाचव्या महिन्यात, जेव्हा मुलाखतीचं एकही बोलावणं येत नव्हतं, तेव्हा मागची पानं उलटून बघितली की निळं निळं दिसायचं. त्या दिवसांत मला कुठल्याही मोटिव्हेशनल व्हिडिओपेक्षा त्या टिकल्यांनी जास्त ओढून नेलं. डेव्हलपमेंटमध्ये जायला मला एकूण सतरा महिने लागले. मी ठरवले होते बारा. चालतं.

आणि ध्येय सोडायचं कधी?

आता आजचा अवघड भाग. प्रेरणेवरच्या भाषणात हे सहसा कुणी बोलत नाही. "हार मानू नका" इथेच सगळे संपवतात. पण मला बोलावंसं वाटतं, कारण हे आमच्या घरात घडलंय. आणि माझ्या भावाला विचारूनच सांगतेय.

माझा धाकटा भाऊ बीएस्सी ॲग्री झाला आणि पुण्यात एमपीएससीच्या तयारीला आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, अभ्यासिका, मेस, चहा, पुन्हा अभ्यासिका. मुलगा मेहनती. त्याचा महिन्याचा खर्च मी आणि बाबा मिळून बघायचो. पहिल्या प्रयत्नात पूर्व परीक्षा गेली. दुसऱ्यात पूर्व निघाली, मुख्य गेली. गावी गेलं की पारावरचे लोक विचारायचे, "काय साहेब, कधी?" तो हसायचा. मग त्याने गावी जाणंच कमी केलं. दिवाळीलाही दोन दिवसांत परत.

एका रविवारी आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, "तुला सोड म्हणत नाहीये. पण कुठपर्यंत, ते आज ठरवू या. निकाल लागलेला नाही, डोकं शांत आहे, तोपर्यंत." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, मला परीक्षेची भीती नाही वाटत गं. थांबलो तर बाबांना काय सांगू, याची वाटते."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती अभ्यासिकांमध्ये किती मुलं मनात घेऊन बसली असतील, विचार करा.

आकडे समोर ठेवू. यूपीएससीची २०२३ ची नागरी सेवा परीक्षा घ्या. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१ उमेदवार. शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. साधारण ५८३ जणांमागे एक. एमपीएससीची पदं दरवर्षी बदलतात, पण चित्र याच जातीचं. म्हणजे उत्तम तयारी केलेल्या कित्येकांचीही निवड होणार नाही, हे गणितातच आहे. त्यात त्यांच्या मेहनतीचा अपमान नाही.

कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर संशोधन मांडलं. हाती न येणारं ध्येय ज्यांना सोडता येतं, आणि ज्यांना त्याच्या जागी दुसरं अर्थपूर्ण ध्येय धरता येतं, त्यांचं मानसिक स्वास्थ्य जास्त चांगलं दिसलं. दोन्ही भाग लक्षात घ्या. सोडता येणं, आणि दुसरं धरता येणं. नुसतं सोडलं तर पोकळी राहते.

आम्ही त्या दिवशी कागदावर तीन ओळी लिहिल्या. एक, आणखी दोन प्रयत्न, त्यानंतर थांबायचं, मग तो निकाल एका मार्काने गेला तरी. दोन, या काळात आठवड्यातला एक दिवस त्याच्या शेतीच्या पदवीशी संबंधित कामाला द्यायचा, म्हणजे दुसरं दार किलकिलं राहील. तीन, बाबांना हे आजच सांगायचं. फोन त्यानेच लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?" ते ऐकून तो रडला. मी पण.

पुढचे दोन प्रयत्न त्याने आधीपेक्षा मोकळ्या मनाने दिले, असं तोच सांगतो. निवड झाली नाही. दुसऱ्यांदा अगदी थोडक्यात गेली. "अजून एकदा" हा मोह तेव्हा किती जोरात आला असेल! पण कागद होता. आज तो एका शेती निविष्ठांच्या कंपनीत फील्डवर काम करतो, डाळिंबवाल्या शेतकऱ्यांच्या बांधावर फिरतो. साहेब झाला नाही. दिवाळीला मात्र आठ दिवस घरी राहतो. ती दोन वर्षं वाया गेली का, असं मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "वाचायची सवय लागली, आणि थांबता येतं हे कळलं."

थांबायची तारीख ठरवणं म्हणजे आधीच हार मानणं, असं काही जणांना वाटेल. मला तसं वाटत नाही. शेवटची तारीख माहीत असली की आजचा दिवस मनापासून देता येतो. फक्त ती तारीख शांत डोक्याने, निकालाच्या आधी ठरवायची. निकालाच्या रात्री ठरवलेलं खरं नसतं, धरायचं असो की सोडायचं.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो मोटिव्हेशनचा विषय राहात नाही. तिथे डॉक्टर लागतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असते. स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी तरी सेव्ह करून ठेवा.

चला, कागद-पेन घ्या

आता शेवटचं. एक कागद, पाच ओळी. फोनमधल्या नोट्समध्ये नको, कारण तिथे त्याच्यावर किराण्याची यादी येऊन बसते.

पहिली ओळ: माझं ध्येय, नेमकं, तारखेसकट. आणि कुणाला कळणार नसेल तरी मी ते का करेन.

दुसरी ओळ: आतापर्यंत यातलं काय झालंय. काहीतरी झालेलंच असतं, शोधा.

तिसरी ओळ: "अमुक झालं की, अमुक ठिकाणी, मी अमुक करेन." आणि तिला जोडून, "अमुक अडलं तर, तमुक करेन."

चौथी ओळ: पुढचा मुक्काम. दोन आठवड्यांनंतरची तारीख, आणि त्या दिवशी मी कुणाशी बोलेन त्या एका माणसाचं नाव. शंभर जणांना स्टेटस दाखवण्यापेक्षा एक माणूस पुरतो, जो चिडवेल पण विसरणार नाही.

पाचवी ओळ: कुठपर्यंत. कुठल्या तारखेला किंवा कितव्या प्रयत्नानंतर मी थांबून नव्याने विचार करेन, आणि तोवर दुसरं कुठलं दार किलकिलं ठेवेन.

हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रोज शर्ट काढताना दिसेल. पहिले काही दिवस उत्साह असेल, तेव्हा त्याच्याकडे बघायचीही गरज पडणार नाही. तो कागद मधल्या महिन्यासाठी आहे.

दोन आठवड्यांनी मला मेसेज करून सांगा, पहिला मुक्काम गाठला का. नसेल गाठला तरी सांगा, कुठे अडलं ते. पुढच्या भागात तुमच्याच अडथळ्यांवर बोलू. आणि तुमच्या ओळखीतलं कुणी सध्या अभ्यासिकेत बसलेलं असेल, तर त्याला आज निकालाबद्दल काही विचारू नका. चहाला घेऊन जा.

काळजी घ्या, वेळेवर जेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!